दोन ठोके

याखिमोव गावच्या उतारावरच्या त्या तीनमजली घराच्या तळघरात ओताकर सकाळपासून फरशीला भोक पाडत बसला होता. गंमत बघा, चौकापलीकडच्या स्नानगृहात लोक रांग लावून रेडॉनच्या पाण्यात डुंबत होते, सांधे मोकळे होतात म्हणून. आणि इथे जमिनीतून झिरपणारा तोच किरणोत्सारी वायू घरात नको, म्हणून याची हाडं खिळखिळी होत होती.

"नळी कुठे दिसता कामा नये हं, मिस्त्री," घराची मालकीण ड्राहोमीराबाई जिन्यावरून तिसऱ्यांदा म्हणाली. "जुन्या इमारतींच्या खात्याची माणसं माझा जीव खातील."

"जुन्या धुराड्यातून नेलीय, बाई. पंखा माळ्यावर, तो खालचा वायू ओढून छपराबाहेर टाकेल. तुमच्या नवऱ्यालासुद्धा सापडली नसती."

"त्याला जन्मात स्वतःचे मोजे सापडले नाहीत."

ती हसली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सून नोकरीसाठी लाइपझिगला चालली होती. चार वर्षांच्या योहान्काला आजीकडे ठेवायला ती तयार होती, पण पोरीच्या खोलीतल्या रेडॉन मोजायच्या यंत्रावरचा आकडा तीनशेच्या खाली आला तरच. सकाळी तो अकराशे होता. नाहीतर संध्याकाळी सून नातीला घेऊन जाणार, आणि मग बाई एवढ्या घरात एकटी.

ओताकरने भोकाखालची माती हाताने उपसून बादलीभर खड्डा केला, नळी उतरवली, कडा लिंपल्या. दहाच्या सुमारास पंखा सुरू केला. नळी किती जोरात ओढतेय ते दाखवणारं मापकातलं लाल पाणी वर चढलं आणि तिथेच राहिलं. काम फत्ते.

दुपारी तो हत्यारं आवरत होता. नळीत ठोके पडले. दोन.

नळी थंडीने आकसली असेल, असं त्याला वाटलं. पुन्हा दोन.

आता, ओताकरने तरुणपणी आठ वर्षं गावच्या खाणीत माणसं ने-आण करणारा पिंजरा वरखाली केलेला. दोन ठोके म्हणजे वर घ्या. एक म्हणजे पोचलो, थांबा. खालून ठोके आले की तेवढेच परत द्यायचे, म्हणजे खालच्याला कळतं, कुणीतरी ऐकलंय. त्यात विचार करायचा नसतो, ते हातातच बसलेलं असतं. त्याने पाना उचलला आणि नळीवर दोनदा ठोकलं.

ठोकल्यावर त्याला भान आलं.

मापकातलं लाल पाणी सर्रकन खाली बसलं. पंखा चालूच होता. नळीत काहीतरी अडकलं होतं, आणि ते वर सरकत होतं.

ओताकरने पाना टाकला. तो भिंतीला कान लावत जिना चढला. सरपटल्यासारखा जड आवाज त्याच्या बरोबरीने चढत होता. माती उपसताना हाताला फक्त ओली वाळू लागली होती. मग हे कुठून आलं?

"कसला आवाज हो?" स्वयंपाकघरातून बाईने विचारलं.

"पंखा," तो म्हणाला. आयुष्यात तो इतकं वाईट खोटं बोलला नव्हता.

धुराडं योहान्काच्या पलंगामागच्या भिंतीतून जात होतं. तो दारात पोचला तेव्हा पोर गाढ झोपली होती, तोंड उघडं, गालावर उशीची घडी.

मागून आलेल्या बाईने यंत्र पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. एक्क्याऐंशी. "मिस्त्री, देव तुमचं भलं करो." रडतच तिने सुनेला फोन लावला. "उतरला गं आकडा. आता राहू दे तिला माझ्याकडे. अगं, सगळा हिवाळा राहू दे."

आवाज पलंगामागे आला होता.

"बाई," ओताकर म्हणाला. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

योहान्काने डोळे उघडले नाहीत. तिची मूठ सावकाश वर आली आणि तिने भिंतीवर ठोकलं.

एकदाच.

भिंतीतला आवाज थांबला.