तिच्या बांबूचा सूर

गिटार गरजत असतानाच वीज गेली. उजुंग बेरुंग वस्तीतल्या गल्लीतली बँडच्या तालमीची पत्र्याची खोली एकदम गप्प झाली, आणि भिंतीपलीकडून एक बारीक, घुमणारा आवाज तेवढा येत राहिला... टुंग, टुंग, टुंग. यायान गळ्यातली गिटार न काढताच बाहेर आला.

पायरीवर एक मुलगी बसली होती. ओठांशी बांबूची वीतभर पट्टी धरून तिच्या टोकाला बोटाने टिचक्या मारत होती. ते बांबूचं वाद्य, कारिंदिंग, त्याने आजोबांच्या हातात पाहिलं होतं, अशा ओठांवर कधी नाही.

“कधीपासून वाजवतेयस?”

“रोजच वाजवते, कांग,” वयाने मोठ्या तरुणाला म्हणतात तसं ती म्हणाली. “आज वीज गेली म्हणून तुम्हाला ऐकू आलं.”

“आमच्याबरोबर?”

“बरोबर कसली! तुमच्या तारा बेसूर आहेत.”

“माझ्या? अगं नेंग, तुझा बांबूच—”

“बांबूला खुंट्या नसतात पिळायला. तुमच्या गिटारला आहेत.” तिने हसू दाबलं. “मग वाकायचं कुणी?”

तिचं नाव इमास.

एवढी धडधड कुठून शिकलास, असं लोक यायानला विचारत. तो मोठ्या भावाच्या कॅसेटींची नावं सांगे. खरं तर आई कापड गिरणीत कामाला होती, आणि तिथल्या मागांची धडधड लहानपणीच त्याच्या अंगात शिरली होती. त्या धडधडीत श्वास घ्यायला जागा मात्र इमासमुळे झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या तारा तिच्या बांबूच्या सुरात उतरवल्या. ड्रमवाला एंगकोस वैतागला. “सरळ सांग ना तिला, आवडतेस म्हणून! आमचे कान कशाला छळतोस?”

ते यायानला कधी जमलं नाही. इमासने एकेक तार छेडून पाहिली.

“सगळ्या लावल्यात?”

“सगळ्या.”

“म्हणजे... मी समजतेय तेच ना, कांग?”

“तेच.”

तिने ओढणीत तोंड लपवलं.

लग्न झालं. त्यांच्या एका गाण्यात मधेच ड्रम, गिटार, सगळं थांबायचं आणि फक्त इमासचं कारिंदिंग वाजायचं. समोर केस उडवत नाचणारी सगळी पोरं तेवढा वेळ जागच्या जागी उभी राहायची.

मग इमास गेली. तापाचं निमित्त झालं. यायानने वाजवणं सोडलं. रोज सकाळी तिचं कारिंदिंग बोटाने हलवून सूर ऐकायचा, तारा त्याच्याशी जुळवायचा आणि गिटार पिशवीत ठेवायचा. दिवसभरात करण्यासारखं त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

जलशाचं बोलावणं आलं तेव्हा एंगकोस लिलिस नावाच्या मुलीला घेऊन आला. तिच्याकडे तिचं स्वतःचं कारिंदिंग होतं.

“हिचा बांबू चढा आहे,” एंगकोस खाली बघत म्हणाला. “इमासचं देतोस हिला?”

“नाही. ते दुसऱ्या कुणाच्या ओठांना लागणार नाही.”

“मग तारा चढवाव्या लागतील. नाहीतर... ते गाणं सोडून देऊ.”

यायानचा हात खुंटीवर थांबला. तारा चढवल्या तर तिचा सूर जाणार होता. गाणं सोडलं तर तिची जागाच जाणार होती. लिलिस भीत भीत म्हणाली, “माझ्या हातात असतं तर मीच उतरवला असता, कांग. पण बांबू...”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “वाकायचं तारांनीच.”

त्याने एकेक खुंटी पिळली. शेवटची तार चढली आणि ती तालमीची खोली त्याला परकी झाली. जलशात त्याच्या हातांनी एकही चूक केली नाही. त्याला हातांचाच राग आला.

घरी आल्यावर त्याने गिटार मांडीवर घेतली, जाड तार छेडली, आणि ती घुमत असतानाच इमासचं कारिंदिंग पहिल्यांदा ओठांना लावलं. दोन्ही सूर शेजारी शेजारी थरथरत राहिले. जुळले नाहीत.

तारा आता त्याच्या वतीने काही बोलणार नव्हत्या.

“आवडतेस,” तो म्हणाला. सरळ, एंगकोसने सांगितलं होतं तसं.