दुसऱ्या हाकेला

शेकोटीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारा पोरांनो, आणि नीट ऐका. शिवकन्या माझ्या साडूची पोर, म्हणजे ही ऐकीव गोष्ट नाही.

जालन्यात ती कॅन्सरच्या पेशंटांना सोबत करण्याचं काम करते. तारखेला त्यांना दवाखान्यात न्यायचं, गाडीत शेजारी बसायचं, उलटी झाली तर पाठ चोळायची, केस गेलेल्या बायांना जुन्या लुगड्यांचे रुमाल शिवून द्यायचे. बोलायला गोड, पण वाकड्यात शिरलात तर भल्याभल्यांना पाणी पाजते.

मागच्या साली, देवदिवाळीच्या आदल्या रात्री, म्हणजे अमावास्येला, ती कुंभार पिंपळगावच्या अलीकडं छकुलीच्या शेतातल्या घरी मुक्कामाला गेली. छकुली पंचविशीची. किमोची मागची तारीख तिनं चुकवली होती, आणि पहाटे दवाखान्याची गाडी येणार होती. हीसुद्धा चुकली तर पुढं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जेवणं झाली. सासू पुष्पाबाईनं पुढच्या खोलीत, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी दोघींचं अंथरूण टाकलं. तेव्हा छकुली म्हणाली, मी उद्या येत नाही.

शिवकन्यानं खोदून खोदून कारण विचारलं. शेवटी छकुली कुजबुजली.

“ताई, बायनामावशी रोज रात्री बोलावू राह्यली मला. मंग सलाईनी लावून काय फायदा?”

बायनाबाई शेजारच्या शेतातली. तीही शिवकन्याचीच पेशंट. छकुली आणि ती एकाच गाडीनं दवाखान्यात जायच्या. दसऱ्याच्या सुमारास म्हातारी गेली. कशी गेली ते आठवलं की शिवकन्याचं डोकं फिरायचं. घरच्यांनी खाट बाहेर गोठ्यात टाकली होती. शेवटच्या रात्री तहान लागली म्हणून तिनं लेकाला हाक मारली. आजारानं आवाज पार बदललेला. लेक जागा होता, पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. रात्री दोन हाकांना ओ द्यायची नाही, भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी आली तर माणूस. तिसरीची वाट बघत तो पांघरुणात पडून राहिला. तिसरी हाक मारण्याइतका दम म्हातारीत उरलाच नव्हता.

शिवकन्यानं दिलेला हिरवा रुमाल तिच्या डोक्याला होता. त्याच्यासकट तिला अग्नी दिला. बाया स्मशानात जात नाहीत, पण शिवकन्या गेली आणि शेवटपर्यंत उभी राहिली.

तर त्या रात्री दिवा मालवला. बारा वाजून गेले. कुत्रं नाही, वारा नाही. अंधारात कापूस तेवढा पांढरा.

“छकुलेऽऽ...”

दाराबाहेरून. खरखरीत.

छकुलीनं शिवकन्याचा हात धरला. आतल्या खोलीत पुष्पाबाई जागी होती. हलली नाही.

“छकुलेऽऽ...”

आता उंबऱ्याशी.

मग काहीच नाही. तिसरी येईना...

शिवकन्या भ्याली होती बरं का. तसं ती स्वतः सांगते. पण भीतीपेक्षा तिला राग आला. ती उठली. आतून पुष्पाबाई कापऱ्या आवाजात म्हणाली, ओ देऊ नको पोरी, तुलाच घेऊन जाईल.

“दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायला पाहिजे व्हती, मामी. कुणी दिली न्हाई म्हणून मेली ती.”

आणि तिनं खणखणीत ओ दिली. तांब्या भरला. कडी काढली.

बाहेर काळोख. कुणी दिसेना. पण उंबऱ्यापलीकडं श्वास चालू होता... तुटक, अडकत. ओळखीचा. गाडीत शेजारी बसून कितीदा ऐकलेला.

तिनं तांब्या पायरीवर ठेवला.

“पाणी पी, मावशी. तुझे हाल केले त्यांनी, मला म्हाईत हाये. पण छकुली मिळणार न्हाई. ती उद्या माझ्यासंगं येणार. हाक मारायचीच आसंल तर मला मार. मी पहिलीलाच ओ देईन.”

श्वास...

थांबला.

तिनं दार लोटलं. कडी घातली नाही. दाराला पाठ लावून पहाटेपर्यंत बसून राहिली.

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तिनं दार उघडलं. तांब्या जागेवरच, रिकामा. कुत्रं प्यालं म्हणाल, म्हणा. पण तांब्याच्या गळ्याला हिरवा रुमाल बांधलेला होता. टाके शिवकन्याच्याच हातचे. जळाल्याची खूण कुठंच नाही. फक्त एक कोपरा ओला, पाणी पिऊन कुणी तोंड पुसावं तसा.

पुष्पाबाई म्हणाली, हात लावू नका, चुलीत घाला.

छकुलीनं रुमाल सोडला. झटकला. सासूच्या देखत आपल्या उघड्या डोक्याला करकचून बांधला आणि चपला पायात घातल्या.

“चला ताई, गाडी थांबून राह्यली.”