बिनभुकेची

"डॉक्टर, मला भूक लागते का?"

विचारताना हसायचं नाही, अशी पैज होती. संकष्टीला तिघी मैत्रिणींनी हौसेने उपास धरला होता. चंद्र उगवेपर्यंत ओवी आणि गार्गी रडकुंडीला आल्या, तरी मृण्मयी आपली गच्चीवर दोरीच्या उड्या मारतेय! तू माणूस आहेस की पॉवर बँक, विचारच तुझ्या डॉक्टरांना, असं गार्गीने डिवचलं होतं.

डॉक्टर बेलसरे हसले नाहीत. त्यांनी आधी आईबाबांकडे पाहिलं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. उंची वाढवणारं संप्रेरक तीच सोडते. मृण्मयीची ग्रंथी जन्मापासून आळशी. सहावीपर्यंत ती पहिल्या बाकावरची 'चिंगी' होती. रक्तातली साखर घसरून प्रार्थनेतच कोसळायची. मग तिच्या दंडात 'वाढबीज' पेरलं, म्हणजे ते संप्रेरक थेंबाथेंबाने सोडणारी तांदळाएवढी कुपी. पण या संप्रेरकाचं इन्सुलिनशी पटत नाही. इन्सुलिन साखरेला पेशीत घ्यायला बघतं, हे दारात आडवं उभं राहतं. म्हणून शेजारी दुसरी कुपी बसवली, समतोलक. ती क्षणाक्षणाला मोजून इन्सुलिन सोडते. वाढबीज साखर खाली जाऊ देत नाही, समतोलक वर.

"साखर उतरली की शरीर हाक मारतं. तुझ्या शरीराला तीन वर्षांत हाक मारायचं कारणच पडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"पण मी रोज विचारते, भूक लागली का," आई म्हणाली. "ती हो म्हणते."

मृण्मयीने खांदे उडवले.

भूक परत आणता येईल, पण दोन्ही कुप्या काढाव्या लागतील आणि उंची आहे तिथेच थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई म्हणाली, आजच काढा. पोरीला ठरवू द्या, एवढंच डॉक्टर म्हणाले. आईचे डोळे भरलेले पाहून भूक गेल्याचं आपल्यालाही वाईट वाटायला हवं, हे मृण्मयीला कळत होतं. तिने आत चाचपून पाहिलं. काही हललं नाही.

संध्याकाळी आई रिकामं ताट हातात धरून ओट्याशी उभी होती. विचारू की नको, असं तिचं चाललं होतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मृण्मयी खुर्ची ओढत म्हणाली. "कुप्या राहू देत. मला व्हॉलीबॉलला नेटवर उभं राहायचंय." मग ती आईकडे वळली. "तू वाढत जा, मी वाढत जाईन. फक्त भूक लागली का, तेवढं विचारू नकोस."