ओळीतली शेवटची

बाळ झाल्यापासून तिने सायकलला हात लावला नव्हता. सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी असायची आणि तिच्या हँडलवर दुपटी वाळत असायची. शेवटी नवराच म्हणाला की जाऊन ये एकदा, नाहीतर सायकलही तुझ्यासारखी घरात बसून कुरकुरायला लागेल. सासूबाईंनी त्याला झापलं, पण मग तिलाही म्हणाल्या, जा गं, सकाळचं जाऊन ये, मी काही तुझी लेक खाऊन टाकत नाही.

काळजी एकच होती. लेक बाटली तोंडात धरत नव्हती. वाटी-चमचा करून झाला, बोट बुडवून झालं, आईच्या अंगावरचं सोडून ती थेंब गिळत नव्हती. भूक लागली की काळीनिळी होईपर्यंत रडायची. तेव्हा पाजून निघायचं आणि पुढच्या भुकेच्या आत घर गाठायचं, एवढ्या बोलीवर ती निघाली.

सायकल दुकानातून फिरायला निघणाऱ्यांपैकी तिच्याखेरीज चारच माणसं होती. पुढे दुकानाचा मेकॅनिक, त्याला सगळे मास्तर म्हणत. मग दोघं भाऊ, मग बँकेतल्या ताई, आणि सवय मोडलेली म्हणून ही सगळ्यात मागे. खडीच्या रस्त्यावर मास्तरांचा एक नियम होता. पुढच्याला जे दिसेल ते त्याने ओरडून सांगायचं, मागच्याने ते तसंच आपल्या मागच्याला द्यायचं. जो शेवटी असेल त्याने ते म्हणून वर "शेवट" म्हणायचं, म्हणजे ओळ तुटली नाही हे पुढे कळतं. मागे वळून बघायचं नाही. खडीवर मान वळली की पुढचं चाक घसरलंच समजा.

टेकड्यांवर ऊन होतं तोवर मजा आली. दोन्ही अंगांना द्राक्षांच्या वेली, तारांवर ताणलेल्या, उतारावरून खाली खाली जाणाऱ्या. कुठेतरी गंधकाची फवारणी झालेली, त्याचा वास नाकात बसलेला. पाय दुखत होते पण बऱ्याच दिवसांनी ते आपलेच पाय वाटत होते.

मग रस्ता नदीकडे उतरला आणि धुकं लागलं.

खाली गेल्यावर कळलं की छोटा पूल पाण्याखाली गेलाय. मास्तर म्हणाले, काठाकाठाने वरच्या पुलापर्यंत जाऊ, थोडा वळसा पडेल. तिने मनात लेकीच्या भुकेचा हिशेब केला. पण एकटीने मागे जायची वाटही धुक्यातूनच होती. ती ताईंच्या मागे निघाली.

"वाळू, डावीकडून घ्या," पुढून आवाज आला. भावांनी तो दिला, ताईंनी दिला. तिनेही सवयीने म्हटलं, "वाळू, डावीकडून घ्या. शेवट."

आणि तिच्या मागे, जरा लांबून, कोणीतरी हळूच म्हणालं, "शेवट."

दरीत आवाज घुमतो, तिने मनाशी म्हटलं. पुढे चर आला. तिने "चर आहे, शेवट" म्हटलं, आणि मागून बाईचा आवाज आला, "चर आहे... शेवट." आता तो जवळ होता. त्याच्याबरोबर खडीवर टायर चालल्याची करकर होती.

उशिरा आलेलं कोणी वाटेत ओळीला येऊन मिळालं असणार, तिला वाटलं. असं व्हायचं पूर्वीही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. धुक्यात सगळ्यात मागे आपणच असणं काही चांगलं नाही.

ताईंचा मागचा लाल दिवा एकदा दिसायचा, एकदा नाही. नदी कुठल्या अंगाला आहे तेही कळेना, नुसता चिखलाचा आणि ओल्या लाकडाचा वास. वळसा संपत नव्हता. अशात तिची छाती दगडासारखी भरून आली. पान्हा फुटला आणि जर्सी पुढून भिजली. म्हणजे घरी लेक उठली होती. म्हणजे ती रडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खडी दिसेनाशी झाली.

"बाळ कोणाकडे ठेवलंय?" मागून आवाज आला. बाई आता अगदी पाठीशी होती.

"सासूबाईंकडे," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतो ना..." बाई म्हणाली. "मलाही आलंय भरून. सकाळपासून."

बिचारी, तिला वाटलं. माझ्यासारखीच. आंबट दुधाचा वास तर होताच, पण तो तिला आपल्याच जर्सीचा वाटला.

"पाजायची वेळ झाली," बाई म्हणाली.

"झाली हो. आणि हे बघा किती सावकाश चाललेत."

काही वेळ नुसती करकर. मग आवाज आला, अगदी कानाजवळ, आर्जवाने. "मग मी जाऊ का पुढे?"

ओळीतली रीतच ती होती. मागच्याने पुढे जाऊ का विचारायचं, पुढच्याने बाजू द्यायची आणि जा म्हणायचं. तिने विचार केला नाही. हँडल जरा डावीकडे घेतलं आणि म्हणाली, "जा, तुम्ही जा पुढे."

उजवीकडून करकर पुढे सरकली. हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. धुकंच होतं. फक्त दंडावरून गार काहीतरी घासून गेलं आणि खडीचे चार खडे उडून तिच्या चाकावर वाजले. मग पुढे काहीच ऐकू येईना. ताईंना कोणी बाजू मागितल्याचंही नाही.

वरच्या पुलाशी ऊन लागलं. मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं. तिने सायकलवरून उतरता उतरता विचारलं, त्या कुठे गेल्या, माझ्या मागच्या?

ताई हसल्या. म्हणाल्या, तुझ्या मागे कोण असणार, शेवटची तूच. भावांपैकी धाकटा म्हणाला, बाळंतिणीला एकटं सोडायचं नसतं, बघा भास व्हायला लागले. मास्तर हसले नाहीत.

"पुढे जाऊ का विचारलं तिने?"

"हो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"जा म्हणाले."

मास्तरांनी हातातली बाटली न पिताच खाली ठेवली. इथे नदीत कोणी बाई बुडाली होती का, कधी, ती कितीदा विचारत राहिली. ते एवढंच म्हणाले, "चल. आता घर गाठू."

घर आलं तेव्हा आतून रडण्याचा आवाज नव्हता. तिने सायकल अंगणातच टाकली. सासूबाई निवांत भाजी निवडत होत्या. वर बघून म्हणाल्या, अगं, परत कशी आलीस, आत्ताच तर गेलीस.

त्या सांगत गेल्या आणि ती दाराशी उभी राहून ऐकत गेली. लेकीने आकांत मांडला होता. तेवढ्यात तू आलीस, भिजून, तरातरा आत गेलीस आणि दाराकडे पाठ करून पाजायला बसलीस. हेल्मेट तरी काढ म्हटलं, तर काढलं नाहीस. काही बोलली नाहीस. दमलीस वाटलं. पाजून झालं तशी उठून गेलीस. बोलता बोलता सासूबाईंची नजर सुनेच्या तोंडाकडे गेली आणि हातातली जुडी तशीच राहिली.

खोलीत लेक जागी होती, शांत. तिने घाईने तिला उचललं आणि छातीशी धरलं. एवढं दूध दाटलेलं, आपोआप गळत होतं. लेकीने तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. पोट कसं टम्म. ओठाच्या कोपऱ्यात पांढरा थेंब होता. तिने तो बोटाने पुसला. तो बर्फासारखा गार होता.

त्या संध्याकाळपासून तिचं दूध आटलं. औषधं झाली, गोळ्या झाल्या, थेंब येईना. बाटली लेक धरत नव्हती ती नव्हतीच. सासूबाई तिच्या पायथ्याशी झोपू लागल्या, नवऱ्याने दाराला नवी कडी बसवली. दोघंही त्या दिवसाबद्दल बोलत नसत. आणि लेक भुकेने रडत नव्हती. एकदाही नाही. पाळण्यात पडल्या पडल्या कधी डोळे मिटून ओठ चोखत राहायची, नुसती, आणि मग समाधानाने झोपून जायची.

वजन करायच्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मनातून तिला वाटत होतं की काटा खाली यावा. लेक वाळली तरी चालेल, कोणीतरी डॉक्टर धावत येईल, सुई देईल, काहीतरी नाव देईल. नर्सबाईंनी लेकीला तराजूत ठेवलं, काटा बघितला आणि पुन्हा बघितला.

"काय गं, वरचं काही देतेस?"

तिने मान हलवली. नाही.

"मग लागतंय की छान. नाहीतर बायका रडत येतात माझ्याकडे, दूध पुरत नाही म्हणून."

बोलता बोलता नर्सबाईंनी कापूस घेतला आणि लेकीची ओली हनुवटी पुसली. कापूस बोटांत धरून त्या क्षणभर थबकल्या, मग तो टाकून दिला.

"आत येताना पाजलंस वाटतं," त्या म्हणाल्या.

दवाखाना उघडायच्या आधीपासून ती बाहेरच्या बाकावर बसून होती, भर उन्हात, माणसांच्या गर्दीत, लेकीला दोन्ही हातांनी घट्ट धरून.