पऱ्हाटीची वाट

कार्तिकातला रविवार होता. राजापेठेतली शिकवणी लवकर आटोपून वर्षाली नवऱ्याबरोबर गावाबाहेरच्या तलावावर आली. देवानंदला परदेशी पाखरांचं भारी वेड. बायकोची नवी साडी त्याच्या नजरेस पडायची नाही, पण तुतवार दिसली की गडी तहानभूक विसरायचा!

पाणी उतरलेल्या काठावर इवलेसे चिखल्या पक्षी तुरुतुरु पळत होते. पाखरं पळतात म्हणजे जमीन घट्ट, असं समजून तो कॅमेरा घेऊन पुढं गेला. पण पाखराचं वजन ते केवढं! वरची वाळकी पापडी फुटली आणि देवानंद कमरेपर्यंत गाळात गेला.

"वर्षाली... पुढं येऊ नको..."

दिवस बुडाला होता. धुकं उतरत होतं, कुजक्या शेवाळाचा वास सुटला होता. तिनं फोन लावला, पण मदत यायला तास लागणार होता. गाळ तर त्याच्या छातीशी आलेला. 

तेवढ्यात काड्यांची करकर ऐकू आली. पाण्याच्या बाजूनं एक म्हातारा डोक्यावर पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भारा घेऊन पाखरांच्या मधून चालत आला. एकही पाखरू उडालं नाही.

"भिऊ नको माय... मी वाट टाकून राहिलो."

गाळावर त्यानं पऱ्हाटी अंथरली. वर्षाली तिच्यावर पालथी होऊन सरकत गेली.

"हात दे बायकोले... पाय झाडू नको, लेका..."

देवानंद बाहेर आला तेव्हा दोघंही रडता रडता हसत सुटली. देव पावला होता.

"पहिलं घर नत्थुजीचं," धुक्यातून म्हाताऱ्याचा आवाज आला. "पाय धुऊन जा..."

त्या घरी नत्थुजींच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, न विचारताच चहा ठेवला. आत खाटेवर तोच म्हातारा पडला होता. दोन वर्षांपासून लकवा, वाचाही गेलेली. देवानंदकडं पाहून त्याचे डोळे मात्र हसले.

वर्षाली पाया पडायला वाकली. चादर सरकली. लाकडासारखे गार पाय, आणि गुडघ्यापर्यंत ओला गाळ.

कौशल्याबाईंनी कोमट पाण्याचा तांब्या शांतपणे तिच्या हाती दिला.

"पाखरं आली का असंच होते, माय. मी काई विचारत नाई... चुलीची पऱ्हाटी तेवढी पुरत नाई."