एकसष्टाव्या चित्राच्या खाली

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही दुपारी घडली. सोमवारी, सव्वाचार वाजता. ट्यूबलाइट लख्ख चालू होती. खोलीत पाच माणसं होती आणि पाचही जणांनी ते पाहिलं.

म्हणून तर सांगायचं धाडस होतंय. एकट्यानं पाहिलं असतं तर सोडून दिलं असतं. यात तिखटमीठ लावलेलं नाही. लावायची ताकदही उरलेली नाही.

इस्पितळाच्या तळघरात सीटी स्कॅनची खोली होती. तिला लागून एक छोटी खोली. भिंतीवर मोठा पडदा, सहा खुर्च्या, एक संगणक. तीननंतर स्कॅनला सहसा कोणी येत नसे, म्हणून रोज चार ते पाच तिथं नव्या पोरांचा तास चाले. तास घ्यायचे ते सीटीचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. बावीस वर्षं मशीन चालवलेलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांची शिकवायची स्वतःची एक रीत होती. पुस्तक बंद. पडद्यावर एक निरोगी माणूस घ्यायचा आणि मानेपासून खाली उतरत जायचं. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा, पाच-पाच मिलिमीटरवर एकेक चित्र. प्रत्येक चित्राला एका पोरानं उठायचं, चित्राचा आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि काय दिसतंय ते सांगायचं.

“पेशंटच्या पायाशी उभे राहून वर बघताय असं समजा,” मास्तर म्हणायचे. “म्हणून त्याचं उजवं ते तुमच्या डाव्या हाताला. हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. नाही बसलं तर दुसरी नोकरी बघा.”

त्या वर्षी चार पोरं होती. दोन गप्प बसणारी. तिसरा जाड भिंगांचा चष्मा लावणारा, त्याला बाकीचे सोडावॉटर म्हणत. चौथी एक मुलगी, तिला प्रत्येक गोष्टीवर उलटा प्रश्न सुचायचा. ती वकील.

शिकवायला जो निरोगी माणूस घेत, त्याच्या फाइलवर नाव नव्हतं. एवढंच लिहिलेलं, ‘नॉर्मल छाती, स्त्री, ५२’.

चित्रं एकसष्ट.

ती मास्तरांची बायको होती.

पोरांना हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

दीड वर्षापूर्वी तिला खोकला झाला होता. जाईना म्हणून छातीचा स्कॅन करायचं ठरलं आणि बटण मास्तरांनीच दाबलं. छातीचा स्कॅन करताना एक नियम असतो. फुफ्फुसं संपली तरी थांबायचं नाही. खाली आणखी सात-आठ सेंटिमीटर जायचं, म्हणजे पोटाचा वरचा भागही नजरेखालून जातो. मास्तरांनी हा नियम कितीतरी पोरांकडून घोकून घेतला होता.

त्या दिवशी मात्र ते फुफ्फुसं संपली तिथंच थांबले.

समोर बायको होती ना. किरण जेवढे कमी तेवढे बरे, असं वाटलं. परक्या माणसाला जे केलं असतं, ते घरच्या माणसाला माया करायला गेले म्हणून केलं नाही.

रिपोर्ट स्वच्छ आला. शिकवायला अशीच छाती हवी होती. तिला विचारलं तर म्हणाली, “दाखवा की. तीस वर्षं संसार करून तुम्हाला माझं मन दिसलं नाही. पोरांना निदान फुफ्फुसं तरी दिसू देत.”

आठ महिन्यांनी तिच्या पोटात डाव्या अंगाला दुखू लागलं. स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ निघाली. बरीच वाढलेली.

पुढे चार महिने.

ती गेल्यावर तिची धाकटी बहीण आठवडाभर घरी राहिली. निघताना दारात चपला घालताघालता तिनं विचारलं, “भाऊजी, एक विचारू? तो पहिला स्कॅन केलात, तेव्हा कळलं असतं का हो ताईचं?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

तिनं डोळे पुसले. “बरं वाटलं ऐकून. तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार.”

ती निघून गेली. मास्तर दार न लावता बराच वेळ तिथंच उभे राहिले. ती गाठ जिथं निघाली ती जागा एकसष्टाव्या चित्राच्या खाली होती. सात-आठ सेंटिमीटरच्या आत. तेव्हा तिथं काही होतं की नव्हतं, हे आता जगात कोणीच सांगू शकत नव्हतं.

तरी ते रोज तीच फाइल उघडत. दिवसातला तेवढा एकच तास ती समोर असे.

तिला जाऊन सहा महिने उलटले होते. मंगळवार होता.

“एकसष्ट,” वकील म्हणाली. “फुफ्फुसांची खालची टोकं. उजवीकडे यकृताचा माथा.”

“शाब्बास. संपलं.” मास्तरांनी फाइल बंद करायला हात पुढे केला.

“बासष्ट,” सोडावॉटर म्हणाला.

“बासष्ट नाही रे. एकसष्टच आहेत.”

“आहे की, सर... हे काय.”

पडद्यावर चित्र होतं. यकृत जरा मोठं झालेलं. फुफ्फुसाची कड नाहीशी झालेली. चित्राच्या कोपऱ्यात आकडा, ६२.

मास्तर बघत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. घर्रर्र... टक्.

स्कॅनचं टेबल एक पाऊल सरकल्याचा. बावीस वर्षं ऐकलेला आवाज.

“पेशंट आलाय का?” मास्तरांनी विचारलं.

एका पोरानं काचेतून डोकावून पाहिलं. “कोणी नाही, सर. आत अंधार आहे.”

पोरं गेल्यावर मास्तरांनी फाइल पुन्हा उघडली.

एकसष्ट.

दुसऱ्या दिवशी पोरांबरोबर मोजली... चौसष्ट. एकटे बसले की एकसष्ट. सकाळी एकसष्ट, जेवणाच्या सुट्टीत एकसष्ट. चार वाजता पोरं उठून आकडे म्हणू लागली की पुढचं उघडायचं. आणि प्रत्येक नव्या चित्राला पलीकडे तो आवाज.

घर्रर्र... टक्.

त्यांनी मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं नोंदी चाळल्या. स्कॅन त्या दिवशी एकसष्टाव्याच चित्राला थांबला होता.

“जिथून किरण गेलेच नाहीत तिथलं चित्र कुठून येणार, मास्तर? कॅमेऱ्याचं झाकण लावून फोटो निघतो का?”

“पोरांना दिसतंय.”

“पोरांना परीक्षेत यकृत दिसत नाही, तिथं हे दिसतंय होय!” तो हसला. मग मास्तरांचा चेहरा पाहून गप्प झाला. “झोपा जरा. डोळे बघा तुमचे.”

झोप कुठली यायला! मास्तर अंथरुणावर पडून हिशेब करायचे. गुरुवारी प्लीहा दिसली, शुक्रवारी जठर. शनिवारी डाव्या मूत्रपिंडाच्या वरची इवलीशी ग्रंथी. सगळं जिथल्या तिथं. रोज दोन-तीन चित्रं. या चालीनं स्वादुपिंडाचं टोक सोमवारी येणार होतं.

म्हणजे सोमवारी कळणार होतं.

तास बंद ठेवता आला असता. फाइल पुसता आली असती. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात येऊन गेल्या.

सोमवारी सकाळी ते रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेले. वयानं त्या धाकट्या होत्या, पण समजूतदार. मास्तरांनी चित्रांचं काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तो स्कॅन आपण वरच थांबवला होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “रिपोर्ट माझाच होता. मीही बोलले नाही, मास्तर. तुमची बायको होती, तुम्ही केला होता, म्हटलं असू दे.” मग म्हणाल्या, “आणि गेलो असतो खाली, तरी कदाचित काही दिसलं नसतं.”

“कदाचित.”

“हो, कदाचित.”

“त्या कदाचितला उशाशी घेऊन झोपतोय मी, मॅडम. फार टोचतं ते.”

चार वाजले.

पोरं येऊन बसली. मास्तरांनी दार लावलं. मानेपासून सुरुवात झाली. श्वासनलिका, तिला फुटलेला फाटा, मोठ्या रक्तवाहिनीची कमान, हृदय. पोरांना आता पाठ झालं होतं, आवाज भराभर येत होते. मास्तरांचं लक्षच नव्हतं.

एकसष्ट.

सत्तर.

बाहत्तर. घर्रर्र... टक्.

“त्र्याहत्तर,” सोडावॉटर म्हणाला. “प्लीहा, डावं मूत्रपिंड, आणि सर, इथून स्वादुपिंड सुरू होतंय वाटतं. टोक पुढच्या चित्रात येईल.”

“पुढचं घे,” मास्तर म्हणाले.

वकील उठली. “चौऱ्याहत्तर...”

आणि थांबली.

चित्र आलं होतं, पण अर्धं दिसतच नव्हतं. वरच्या उजव्या कोपऱ्यातून पांढरे-काळे पट्टे निघाले होते, गाडीचा दिवा डोळ्यांवर यावा तसे. ते थेट खाली गेले होते. स्वादुपिंडाचं टोक जिथं असायला हवं, बरोबर त्याच जागेवरून.

यकृत स्वच्छ दिसत होतं. पाठीचा मणका स्वच्छ होता. तेवढी एक जागा सोडून सगळं.

“हे धातूमुळं होतं ना, सर?” वकीलबाईंचा आवाज आज बारीक होता. “अंगावर काही राहिलं असलं की असे पट्टे येतात, तुम्हीच सांगितलंय.”

“हो.”

“पण पोटावर धातू कुठून आला? आणि हे काय आहे... त्वचेच्या बाहेर? चार लहान गोल ठिपके. ओळीनं.”

सोडावॉटर पडद्याजवळ गेला. भिंगं त्याला टेकेपर्यंत.

“हाडं आहेत,” तो म्हणाला. “बोटांची हाडं. चार बोटं... आडवी कापलेली. एका बोटाभोवती पांढरं कडं आहे.”

वकील मास्तरांकडे वळली.

“सर, स्कॅनला हात डोक्यावर घ्यायला लावतात ना? मग हा हात कोणाचा?”

मास्तरांची नजर त्या पांढऱ्या कड्यावर होती.

स्कॅनच्या दिवशी तिची अंगठी त्यांनीच काढली होती. घट्ट बसलेली. साबण लावून काढली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. स्कॅन होताना ती त्यांच्या खिशात होती. आणि दुखणं सुरू झाल्यावर ती दिवसभर कुशीवर पडून असायची, डाव्या बाजूला, बरोबर त्याच जागी, हात दाबून.

पलीकडच्या खोलीत टेबल हललं.

या वेळी तो आवाज थांबला नाही... घर्रर्रर्र... लांबपर्यंत. स्कॅन झाला की टेबल बाहेर येतं ना, पेशंटला उतरवायला, तसा.

मग टेबलावरून कोणी उतरावं तशी गादी करकरली.

मग काही नाही.

एक गप्प बसणारं पोर रडायला लागलं. मास्तर उठले, दार उघडलं आणि म्हणाले, “जा घरी. आजचा तास संपला.”

मग ते एकटेच स्कॅनच्या खोलीत गेले. दिवा लावला. टेबल पूर्ण बाहेर आलेलं होतं, खाली उतरवलेलं. गादीवरची स्वच्छ चादर मधोमध दबलेली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

गार होती.

मंगळवारी पोरांनी मोजली, एकसष्ट. बुधवारी एकसष्ट. त्यानंतर कधीच बासष्ट झाली नाहीत. आवाजही आला नाही.

शेवटी मास्तरांनी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. वकील आणि सोडावॉटर दोघांनाही त्यांनी वेगवेगळं बोलावून विचारलं. दोघांनी कागदावर काढून दाखवलं. चार ठिपके, एका ठिपक्याभोवती कडं, पट्टे.

“तुम्ही ते बघू नये असं तिला वाटलं,” मॅडम म्हणाल्या. “उगाच जिवाला लावून घ्याल म्हणून झाकलं तिनं. माफ केलं म्हणा.”

मास्तर हो म्हणाले. चांगल्या मनानं बोललेलं ते, त्याला नाही कसं म्हणायचं.

पण रोज संध्याकाळी घरी आले, दिवा लावला, एका माणसाचं जेवण गरम करत उभे राहिले, की एक विचार येतो. तीस वर्षं ती त्यांच्या घरात होती. तिची सवय त्यांना पक्की ठाऊक आहे. चांगली बातमी असली की ती जिन्यातूनच ओरडत यायची, दम निघत नसे.

झाकून ठेवायची ती फक्त वाईट.

तिथं काहीच नसतं... तर तिनं हात कशाला ठेवला असता?