आठव्या चौकोनात

“ओ भाऊ! सब्बल खाली ठेवा. आताच्या आता!”

गाडी स्टँडला लावायच्या आधीच मी ओरडले. सकाळचे साडेसहा. अमरावतीवर पावसाची बारीक भुरभुर... आणि माझ्या खो-खोच्या मैदानात, बरोबर मधल्या पाटीवर, एक उंच मुलगा पहारीनं खड्डा खणत होता. शेजारी मांडवाचे बांबू आडवे पडलेले.

त्यानं मान वर केली. कपाळावर ओले केस.

“भाऊ नोका म्हनू मॅडम. बाकी काईबी म्हना.”

“मंग खड्डेबाज म्हनते. कोनाले इचारून खोदून राहिले?”

“अध्यक्ष साहेबाइनं जागा दाखवली. आमचं अकोल्याले मांडव-खुर्च्याइचं बिछायत केंद्र हाय, काकाचं. उद्या क्रीडा दिनाचा कार्यक्रम, चारशे खुर्च्या...”

“हे मैदान हाय!”

तो खरंच गोंधळला. इकडेतिकडे पाहिलं. “मले वाटलं, मोकळी जागा हाय.”

मोकळी जागा! या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. पंधरा दिवस मी शिकवते त्या संघाच्या मुलींनी इथली माती चाळली होती. खडा न् खडा वेचला, पाणी शिंपडलं, रोलर ओढला, फक्कीच्या रेघा मारल्या – का, तर पळणाऱ्या पोरीच्या टाचेखाली साधी काडी येऊ नये. परवा इथंच विभागाचे निवड सामने. मैदान खराब निघालं की सामने दुसऱ्या गावी जाणार, आणि यजमान म्हणून आमच्या संघाला मिळालेली जागाही जाणार. सात वर्षांनी मिळालेली जागा!

आणि पलीकडे? पलीकडे क्रिकेटच्या पिचवर निळी ताडपत्री, चारी कोपऱ्यांना विटा, राखायला चौकीदार.

“तिकडं खोदाचं होतं ना!”

“तिकडं नुसता पाय ठेवला, त चौकीदार अंगावर धावला मॅडम.”

त्याच्या गाडीत बॅनर गुंडाळून ठेवला होता. त्याचं एक टोक उलगडून वाऱ्यावर हलत होतं – ‘मातीतले खेळ, देशाची शान’. मी ते वाचलं आणि हसले. रडू यायच्या थोडं आधी येतं, तसलं हसू.

“पोरीहो, बसा!”

सहाजणी आल्या होत्या. सहाही मधल्या पाटीवर आपापल्या चौकोनात बसल्या, खो-खोत बसतात तशा – एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. सातवी मी. आठव्या चौकोनात खड्डा.

“लावा आता मांडव. आमच्या डोक्यावर लावा!”

पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर थांबत होते, गळत होते... मग त्यानं उकरलेली माती हातांनी खड्ड्यात लोटली. माती बसवायच्या धुम्मसानं ठोकली. बाटलीतलं पाणी शिंपडून पुन्हा ठोकली. आणि घसा खाकरला.

“याच्यावर बसून पाहू का? माती दबते का नाई, समजन.”

“बसा. पन तोंड तिकडं. शेजारचा इकडं पाहत असला, का आपन तिकडं पाहाचं. नियम हाय.”

असे आम्ही बसलो. मध्ये चार हातांचं अंतर. मी पूर्वेकडे, तो पश्चिमेकडे. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता – ओल्या मातीच्या वासासारखा, हळूहळू.

“नाव काय, मॅडम?”

“आकांक्षा. दर्यापूरची.”

“मी कुलदीप... एक इचारू? आपला राष्ट्रीय खेळ हॉकीच ना?”

“समदे म्हनतात तसं. सरकारनं कोनताच ठरवला नाई.”

“मंग बरंच हाय. जागा खालीच हाय म्हना. खो-खो बसवून देऊ.”

“बसवाले खेळ म्हंजे का खुर्ची हाय?” मी उसळले. “ज्या खेळाले बॅट लागत नाई, पॅड लागत नाई, गरिबाची पोरगी फुकटात पळू शकते... त्याच्याच पोटात सब्बल घालता! अन् वरून बॅनर लावता!”

तो जागच्या जागी चुळबुळला –

“मॅडम... गुडघे लय दुखून राहिले.”

“दुखू द्या.”

“राग आला का आवाज थरथरते तुमचा.”

“तिकडं पाहा!”

“तिकडंच पाहून राहिलो. पन कान त दोनी बाजूले असतात ना...”

ओळीत बसलेली खुशी फिस्सकन हसली. माझे कान तापले. त्याला माझा चेहरा दिसत नाही, याचं त्या सकाळी पहिल्यांदा बरं वाटलं.

एवढ्यात पांढरी गाडी आली. क्रीडा मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव छत्रीखाली उतरले.

“काय तमाशा हाय हा? उठा समद्या! खो-खोले काय लागते ताई? गल्लीतबी खेळता येते.”

शेजारून आवाज आला, अगदी शांत –

“मंग साहेब, भाषनाले काय लागते? थे बी गल्लीत देता येते.”

भगवंतरावांनी तिथूनच त्याच्या काकांना फोन लावला. दोन मिनिटांत काम रद्द. कुलदीप उठला, गुडघे चोळले, बांबू गाडीत भरले आणि मान वळवून एकदाच माझ्याकडे पाहिलं... मला साधा हातही हलवता आला नाही.

ऐनवेळी दुसरा मांडववाला मिळाला नाही; कार्यक्रम थंडगार सभागृहात झाला. मातीतल्या खेळांवर तासभर भाषण झालं म्हणे, टाळ्याही पडल्या. माती कोणी चाळली, हे कोणी विचारलं नाही. पण आमचे सामने आमच्याच मैदानावर झाले, आणि विभागाच्या संघात माझ्या चार मुली गेल्या.

मुली नाचत होत्या. मी मात्र चिडलेलीच. फोन नंबर न देता, न सांगता कोणी जातं का असं? रविवारी मी अकोल्याची बस धरली. बिछायत केंद्र शोधायला वेळ लागला नाही.

दारात ओल्या कनाती वाळत होत्या. कुलदीप ब्रशनं गालिचा घासत होता – शिक्षाच झाली असावी. गादीवर त्याचे काका, वामनराव.

“हेच का थे मॅडम? यायच्यापायी गिऱ्हाईक गेलं आमचं!”

“मीच. अन् त्याचं काई चुकलं नाई. चुकलं तुमचं! जागा न पाहता पोराच्या हाती सब्बल देता कावून? मैदान का गावठान हाय?”

वामनरावांनी उत्तराला तोंड उघडलं. तेवढ्यात फेसाळलेले हात पँटीला पुसत कुलदीप मध्ये आला.

“काका, तुमी नोका भांडू हिच्यासंग. थे काम माह्याकडं राहू द्या... जिंदगीभर.”

वामनरावांनी चष्मा काढला. मी, जिच्याजवळ प्रत्येकासाठी उत्तर असतं ती मी, गालिच्यावरची फुलं मोजायला लागले.

बसस्टँडवर तो खिडकीखाली उभा राहिला.

“मजाक नव्हती थे.”

“मजाक असती, त तुले इथंच पाहून घेतलं असतं.” तुमी सुटून तू कधी झालं, कळलंच नाही.

“मंग... तुह्यं काय?”

बस सुरू झाली. घरघराटात मी म्हणाले, “हो.”

“काय? ऐकू नाई आलं!”

“आलं तुले! खोटारडा!”

“नाई ना! अजून एकडाव सांग!”

इतका राग आला की खिडकीबाहेर डोकं काढून मी ओरडले, “हो म्हटलं! हो! हो!”

कंडक्टरनं बेल दिली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“ताई, त्याले ऐकू आलं का नाई, देव जाने. आमाले समद्याइले आलं... अमरावती एक ना?”